पाळणाघरातल्या ताई-मावशींची दिवाळी: इंदूरच्या पालकांसाठी कमी खर्चातलं सविस्तर नियोजन

पाळणाघरात मूल जाणाऱ्या घरांत नवरात्र संपता संपता प्रश्न निघतो, यंदा ताईंना काय द्यायचं? उत्तर मात्र बहुधा धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी नमकीनच्या दुकानात, घाईघाईत सापडतं. अर्धा किलो मिक्स्चर आणि सोनपापडीचा डबा. प्रत्येक घर असंच करतं, आणि मावशी घरी जाताना पिशवीत एकसारखे पुडे घेऊन जातात. तेवढेच पैसे सगळ्यांनी एकत्र केले असते, तर त्याच मावशींच्या मुलाचे कपडे झाले असते किंवा थंडीसाठी एक चांगली शाल आली असती.

म्हणून माझा आग्रह आहे की पैसे एकत्र करावेत, काम करणाऱ्या प्रत्येकीला सारखं द्यावं आणि वसुबारसेच्या आत द्यावं. एवढं पाळलं तर एका घरामागे दोन-तीनशे रुपयांतही मनासारखी भेट होते. ते कसं जमवायचं, ते पुढे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं इंदूरची आहेत, कारण बाजार आणि माणसं इथलीच.

पहिलं काम: यादी

खरेदीच्या आधी कागदावर नावं उतरवा. आपल्याला रोज दिसतात त्या दाराशी मूल घेणाऱ्या ताई. पण दिवसभरात मुलाला हात लावणारी माणसं त्याहून जास्त असतात. शी-शू काढणाऱ्या मावशी, वरणभात शिजवणाऱ्या बाई, दुपारी झोपवायला येणारी कॉलेजातली मुलगी, व्हॅनचे भैया, फाटकावरचे काका. काही ठिकाणी सकाळची आणि दुपारची पाळी वेगळी असते, आणि संध्याकाळी नेणाऱ्या पालकांना सकाळच्या ताई माहीतच नसतात. त्यांची नावं हमखास सुटतात.

मी तर म्हणेन की यादी मावशींपासून सुरू करा. लंगोट बदलणं, उलटी पुसणं, तापात कण्हणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन बसणं ही कामं त्यांच्याकडे असतात, आणि भेटवस्तूंच्या वेळी त्यांच्या वाट्याला सगळ्यात कमी येतं. ‘ताईंना साडी आणि मावशींना मिठाई’ ही वाटणी मला अजिबात पटत नाही. सगळ्यांना सारखंच द्या. अर्ध्या दिवसाच्या असल्या तरी द्या. नवरात्रात नव्याने लागलेल्या असल्या तरी द्या. आठवड्यातून एकदा गाणं शिकवायला येणाऱ्या बाईंना कार्ड आणि छोटा पुडा पुरे, तिथे फरक केला तर कोणी मनाला लावून घेत नाही. गणपतीच्या सुमारास काम सोडून गेलेल्या कोणी असतील, तर त्यांचा वाटा पोचवता येईल का तेही विचारा. वर्षातले सहा-सात महिने त्यांनी आपली मुलं सांभाळलेली असतात.

संचालिकांशी बोलून घ्या

यादी घेऊन संचालिकांकडे जा, तेही फोनवर न बोलता समोर बसून. त्यांना विचारायच्या गोष्टी मोजक्या आहेत. पालकांनी रोख रक्कम दिलेली चालते का? एकूण किती जणी आहेत आणि त्यांची नावं नीट कशी लिहायची? कोणाला मधुमेह आहे का? कोण बसने जातं, कोण सायकलने, कोण पायी? विजयनगरहून बाणगंगेकडे सिटी बसने जाणाऱ्या बाईंच्या हातात कुकरचं खोकं दिलं, तर तो प्रवास त्यांना जड जाणार.

पाळणाघराकडून बोनस मिळतो का, हे विचारणं अनेकांना अवघड वाटतं. पण ते माहीत असलं की रोख द्यावं की वस्तू, हे ठरवणं सोपं जातं. बोनसचा कायदा २० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना लागू होतो. त्यातला किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे ढोबळमानाने एका महिन्याच्या पगाराइतका. सुदामानगर, राजेंद्रनगर, टिळकनगरच्या गल्ल्यांत पाच-सहा जणींच्या बळावर चालणारी झूलाघरं या कायद्यात बसत नाहीत. तिथे बोनस द्यायचा की नाही, हे चालवणाऱ्यांच्या मनावर आणि ऐपतीवर असतं. काही संचालिका स्वतःच्या खिशातून देतात, काहींना शक्य होत नाही.

पाळणाघर कंपनीच्या आवारातलं असेल तर बाब वेगळी. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. अशा ठिकाणच्या बाया पुष्कळदा ठेकेदाराच्या पगारावर असतात आणि भेटी घेण्याबद्दल कंपनीचे नियम असतात. आधी तिथल्या ऑफिसात विचारा. नाहीतर आपल्या पाकिटामुळे त्यांची नोकरी अडचणीत यायची.

वर्गणी: कोणाला अवघड वाटणार नाही अशी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात करा आणि कोजागिरीला वर्गणी बंद करा. मध्ये चार-पाच दिवस मिळतात, तेवढे पुरतात. कोजागिरीपासून वसुबारसेपर्यंत साधारण बारा दिवस उरतात, त्यात खरेदी आणि बांधणी आरामात होते.

पैसे एकीने घ्यावेत आणि हिशेब दुसरीने लिहावा. एकाच व्यक्तीवर दोन्ही ठेवू नका. तिच्यावर अविश्वास आहे म्हणून नाही, तिला पुढे कोणाला उत्तर द्यावं लागू नये म्हणून. यूपीआयने पैसे पाठवताना ‘दिवाळी भेट’ एवढं लिहायला सांगा, म्हणजे भिशीचे आणि हे पैसे एकमेकांत मिसळत नाहीत.

ग्रुपवर टाकायचा मजकूर साधारण असा असावा:

‘नमस्कार. आपल्या मुलांना सांभाळणाऱ्या सहाही जणींना यंदा सगळ्यांनी मिळून दिवाळीची भेट द्यावी असं ठरतंय. ज्यांना सामील व्हायचंय त्यांनी शंभरपासून पाचशेपर्यंत, जमेल ती रक्कम कोजागिरीपर्यंत पाठवावी. कोणी किती दिले ते ग्रुपवर येणार नाही. कार्डावर सगळ्या मुलांची नावं असतील, पैसे दिलेले असोत वा नसोत.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. एखाद्या घरात नोकरी गेलेली असते, कुठे दवाखाना चालू असतो, कुठे एकटी आई घर ओढत असते. ‘कमीत कमी पाचशे’ असं लिहिलं की अशी घरं गप्प होतात आणि मग ग्रुपवर बोलणंच टाळतात. आठवण एकदाच करा, तीही सगळ्यांना मिळून. नाव घेऊन विचारणा करू नका. ‘मी पाठवले’ म्हणून अंगठे टाकण्याची लाट सुरू झाली तर तीही प्रेमाने थांबवा, कारण त्यातून न पाठवणारे आपोआप उघडे पडतात.

समजा पाळणाघरात वीस मुलं आहेत, सांभाळणाऱ्या सहा जणी आहेत आणि सतरा घरांकडून मिळून ५,२०० रुपये आले. सहा जणींना प्रत्येकी ७०१ रुपयांचं पाकीट, म्हणजे ४,२०६. प्रत्येकी दीडशे रुपयांचा सुकामेवा, म्हणजे ९००. उरले ९४, त्यात कार्डाचा कागद आणि सुतळी. घरटी सरासरी तीनशे रुपयेच पडले, पण प्रत्येकीच्या हातात साडेआठशेची भेट गेली. सतरा घरांनी वेगवेगळं आणलं असतं, तर तीनशे रुपयांचे सहा भाग करून पन्नास-पन्नासाचे पुडे वाटावे लागले असते.

रोख की वस्तू?

माझं मत रोखीच्या बाजूने आहे. निदान भेटीचा मोठा हिस्सा तरी रोख असावा. पाकीट कोरडं वाटतं, आपुलकी दिसत नाही, असं काही जण म्हणतात. पण दिवाळीत त्यांच्याही घरी मुलांना कपडे हवे असतात, गावाकडे जायचं भाडं हवं असतं, किराण्याची उधारी फेडायची असते. त्यातलं आधी काय करायचं, हे आपल्यापेक्षा त्यांना नीट कळतं. आपुलकी चिठ्ठीतून दिसते, त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

पाकिटं एक रुपयाचं नाणं चिकटवलेली घ्या आणि नोटा कोऱ्या नसल्या तरी निदान नीट असाव्यात. कोऱ्या नोटा हव्या असतील तर बँकेत दिवाळीच्या आठवड्याआधी जा. पाकिटावर प्रत्येकीचं पूर्ण नाव लिहा. ‘मावशी’ म्हणून भागवू नका.

संचालिकांना रोख पसंत नसेल, किंवा पालकांनाच वस्तू द्यायची असेल, तर पुढचा भाग वाचा.

इंदूरच्या बाजारात काय घ्यावं

राजवाड्याच्या आजूबाजूचे बाजार पायी फिरता येतात, म्हणून तिथली खरेदी एका फेरीत उरकते. पण दिवाळीच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात राजवाड्यावर पाय ठेवायला जागा नसते. धनत्रयोदशीला तर बर्तन बाजारात भांडं हातात घेऊन निरखायलाही मिळत नाही. कोजागिरीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, सकाळी दुकानं उघडताच जा.

*स्टीलचा डबा.* बर्तन बाजारात दोन-तीन कप्प्यांचे स्टीलचे टिफिन अनेक किमतींत मिळतात. पाळणाघरात काम करणाऱ्या प्रत्येकीला डबा लागतोच, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा तो लवकर झिजतो. झाकण उघडून कडेवरून बोट फिरवा, धार लागते का बघा. क्लिप दोन-चारदा उघडून मिटा. डबा हातात घेतला की पत्र्याची जाडी कळते, फार हलका असेल तर घेऊ नका. एकाच दुकानातून सहा घेतले तर भाव कमी होतो आणि नावंही कोरून मिळतात. नावं कागदावर देवनागरीत स्वच्छ लिहून न्या आणि पहिलं नाव कोरून झालं की तपासा, मग पुढची करायला सांगा. नाव घातलेला डबा दुसऱ्या कोणाचा होत नाही, आणि पाळणाघराच्या स्वयंपाकघरात हरवतही नाही.

*शाल, चादर, टॉवेल.* दिवाळी सरली की माळव्यात थंडी पडू लागते. डिसेंबर-जानेवारीत इंदुरात रात्रीचा पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली जातो. सकाळी सातला पाळणाघर उघडणाऱ्या ताई सहाला घरातून निघतात. त्यांच्यासाठी अंगावर घ्यायची गरम शाल ही माझ्या मते वस्तूंमधली सगळ्यात उपयोगी भेट. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट घाऊक कापडासाठी प्रसिद्ध आहेच, पण सहा-आठ नग घेणाऱ्यालाही तिथे काही दुकानदार चांगला भाव देतात. शीतलामाता बाजारात साड्या आणि बायकांचे कपडे भरपूर. शाल निवडताना रंग सहा वेगळे घ्या, पण प्रत आणि किंमत एकच ठेवा. नाहीतर त्या आपसांत तुलना करणार आणि एखादीला कमी लेखल्यासारखं वाटणार. टॉवेल घेतलेत तर सुती घ्या. चकचकीत, गुळगुळीत टॉवेल पाणी टिपत नाहीत.

*साडी.* इंदूर म्हटलं की महेश्वरीची आठवण येते. पण हातमागावरची खरी महेश्वरी हजारांच्या घरात जाते, आणि तिच्या नावाखाली मिळणारी स्वस्त साडी बहुधा यंत्रमागावरची असते. वर्गणी मोठी जमली तरी सहा साड्यांचा घाट घालू नका, कारण मग फॉल-पिको आणि ब्लाउज शिवण्याचा खर्च त्यांच्याच अंगावर पडतो. त्याऐवजी बाग छपाईचा सुती दुपट्टा घ्या. धार जिल्ह्यातल्या बाग गावचे खत्री कारागीर लाकडी ठशांनी ही छपाई करतात. तिचा लाल आणि काळा रंग ओळखीचा, काळ्यासाठी लोखंडाच्या गंजाचा वापर होतो. राज्य सरकारच्या मृगनयनी एम्पोरियममध्ये खात्रीचा माल मिळतो. दुपट्ट्यासोबत ‘पहिल्यांदा वेगळा धुवा’ अशी ओळ लिहून द्या.

*किराणा.* सियागंजात घाऊक किराणा आणि सुकामेवा मिळतो, मारोठिया बाजारातही मसाले आणि मेवा चांगला असतो. तेलाची लिटरची पिशवी, बेसन, रवा, साखर, पोहे एकेक किलो असा संच चारशे-साडेचारशेच्या आसपास बसतो आणि त्यात एका घरचा फराळ निघतो. फक्त तो वसुबारसेच्या निदान आठवडाभर आधी पोचायला हवा. फराळ होऊन गेल्यावर आलेलं बेसन डब्यात पडून राहतं. संच पाच किलोंचा होतो, म्हणून पायी जाणाऱ्यांसाठी एखाद्या पालकाने गाडीवरून घरपोच न्यावा.

*सुकामेवा.* तयार सजवलेल्या खोक्यात खोक्याचीच किंमत जास्त असते. त्यापेक्षा किलोने बदाम आणि मनुका घ्या आणि घरी वाटून पुरचुंड्या करा. बदाम फोडून चाखून बघा, खवट तर नाही ना. काजूचे तुकडे चवीला अख्ख्यांइतकेच चांगले आणि बरेच स्वस्त.

*मिठाई आणि फराळ.* मिठाई न्यायचीच असेल तर माव्याची टाळा. ती दोन-चार दिवसांत संपवावी लागते, आणि त्यांच्या घरी त्या आठवड्यात मिठाईचे डबे आधीच जमलेले असतात. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्ट्या मिठाईच्या ताटासमोर ती कधीपर्यंत खावी याची तारीख लिहिणं दुकानदारांना बंधनकारक आहे. ती बघा. तोलताना डब्याचं वजन वेगळं काढायला सांगा.

सेव-नमकीन इंदुरात कोणाच्याच घरी कमी नसतं. पण आपल्या घरची चकली, कडबोळी, चिरोटे, अनारसे यांचं हिंदी भाषक दीदींना फार अप्रूप असतं. चार-पाच घरांनी एकेक पदार्थ जास्तीचा केला तर प्रत्येकीसाठी मिश्र फराळाचा डबा भरता येतो. खर्च फक्त तळणाचा आणि मेहनतीचा. जिन्नस खाली लिहा: कशात दाणे आहेत, कशात दूध.

*मोबाइल रिचार्ज.* हे कोणाला सुचत नाही, आणि अगदी स्वस्तात होतं. नंबर आणि कंपनी विचारून घ्या आणि भेट देण्याच्या दिवशी एका महिन्याचं रिचार्ज करा. गावाकडच्या माणसांशी दिवाळीभर निश्चिंत बोलता येतं.

काय देऊ नये

देवाच्या मूर्ती आणि तसबिरी नकोत. ठेवायला जागा नसते आणि टाकवत नाही. शिवाय प्रत्येकीचं देवघर आणि धर्म एकच असेल असं नाही. मुस्लिम आणि ख्रिश्चन ताईंनाही हे पाकीट त्याच दिवशी, त्याच प्रेमाने द्या, आणि ईदला किंवा नाताळला त्यांची आठवण वेगळी ठेवा.

ब्लाउज पीस नको. तो एका घरातून दुसऱ्या घरात वाणासारखा फिरत राहतो, शिवला क्वचितच जातो. क्रीम, पावडर, अत्तर नको, प्रत्येकीची त्वचा आणि आवड वेगळी. कप आणि फोटो-फ्रेम एकदा ठीक, दरवर्षी नको.

जुने कपडे आणि मुलाची लहान झालेली खेळणी भेटीच्या पिशवीत घालू नका. त्यांना हवी असतील तर ती दुसऱ्या दिवशी, विचारून, वेगळी द्या. ते एकत्र आलं की भेटीचा मान उतरतो.

पाळणाघरासाठी खेळणी, गाद्या, पंखा घेऊन दिला तर ती संस्थेला मदत झाली. चांगलीच गोष्ट आहे, पण ती ताई-मावशींची भेट म्हणून मोजू नका. त्या पंख्याचं त्यांच्या घरी काहीच जात नाही.

चिठ्ठी

भेटीतला सगळ्यात स्वस्त भाग हाच, आणि वर्षानुवर्षं जपून ठेवला जातो तोही हाच. छापील कार्डावरचा ‘शुभ दीपावली’ पुरेसा नाही. प्रत्येक घराने प्रत्येकीसाठी एकच ओळ लिहायची, पण ती त्या बाईंनी खरोखर केलेल्या कामाबद्दलची असावी. ‘तुम्ही खूप छान सांभाळता’ कोणीही लिहील. त्याऐवजी:

‘मावशी, जूनमध्ये सारा रोज दाराशी रडायची. तुम्ही तिला खिडकीतली चिमणी दाखवत आत न्यायचात, म्हणून मला ऑफिसात शांतपणे बसता आलं.’

‘बाई, घरी भाजी न खाणारा अर्णव तुमच्या हातची लौकीची डाळ मागतो. आम्हालाही ती कृती सांगा.’

‘काका, पावसात व्हॅनपासून दारापर्यंत प्रत्येक मुलावर छत्री धरून तुम्ही उभे असायचात. आम्ही ते पाहिलं आहे.’

काय लिहावं सुचत नसेल तर मुलालाच विचारा. तीन-चार वर्षांचं मूल झटकन सांगतं: ताई मला थोपटते, ताई माझी चप्पल सुलट करते. तेच तसंच्या तसं लिहा.

भाषा त्यांची असावी. इंदुरातल्या बहुतेक पाळणाघरांत ताई हिंदी वाचतात. तिथे ‘दीदी, अब मीरा खुद चम्मच से दाल-चावल खाती है, यह आपने सिखाया’ ही ओळ मराठीपेक्षा सहज पोचेल. अक्षर मोठं काढा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चिठ्ठी देताना तिथेच, शांतपणे, शेजारी बसून वाचून दाखवा. पालकांचे छोटे बोललेले संदेश एकत्र करून त्यांच्या फोनवर पाठवले तरी चालतं, घरी त्या ते पुन्हा ऐकतात आणि आपल्या मुलांना ऐकवतात.

ज्या ताई कामात तरबेज आहेत त्यांना संचालिकांच्या सहीने एक अनुभवपत्र मिळवून देता आलं तर जरूर द्या: किती वर्षं काम केलं, कोणत्या वयाची मुलं सांभाळली. पुढे दुसरीकडे काम शोधताना किंवा पगार वाढवून मागताना ते उपयोगी पडतं. खर्च एका कागदाचा.

मुलांच्या हाताचं काही

पणत्या रंगवणं सगळ्यात सोपं. रस्त्याकडेला कुंभारांकडून साध्या मातीच्या पणत्या घ्या, काही तास पाण्यात भिजवून पूर्ण वाळवा, म्हणजे त्या तेल कमी पितात. रंग बाहेरूनच द्या. ज्योत आणि तेल जिथे असतं तो आतला भाग आणि वातीची चोच कोरी ठेवा. प्रत्येकीला चार-चार पणत्या पुरेत.

मुलांसोबतचा एकत्र फोटो छापून द्यायचा असेल तर आधी सगळ्या पालकांची परवानगी घ्या, कारण त्यात दुसऱ्यांची मुलं असतात.

गुंडाळायला चकचकीत प्लॅस्टिक नको. मिठाईच्या डब्यांवर गुंडाळायच्या प्लॅस्टिक फिल्मवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या आलेल्या आपल्या शहरात तर कचऱ्याच्या गाडीशी ते शोभणारही नाही. साधी कापडी पिशवी घ्या. ती वर्षभर भाजीला वापरली जाते.

देण्याचा दिवस

वसुबारसेच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ निवडा, शेवटची मुलं जाण्याच्या सुमारास. संचालिकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे मावशी त्या वेळी फरशी पुसत नसतील. प्रत्येकीला बसायला खुर्ची द्या. बसलेल्या माणसाच्या हातात मुलाने भेट दिली की त्या क्षणाला आब येतो. दारातून जाता जाता हातात कोंबलेल्या पुड्याला तो येत नाही.

पाकिटं बंद ठेवा आणि कोणाला किती, हे तिथे बोलू नका. पाकीट घेतानाचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. मुलांबरोबर हसतानाचे टाका, त्यांना विचारून. रजेवर असलेल्या बाईंचा वाटा कोणा ‘विश्वासू’ माणसाकडे न सोडता संचालिकांकडे नावानिशी ठेवा आणि पोचला का ते विचारा.

संचालिकांना वेगळं काही द्यायचं असेल तर पत्र आणि फराळाचा डबा पुरे. वर्गणीतले पैसे तिकडे वळवू नका, ते सांभाळणाऱ्या हातांसाठी गोळा केलेले असतात.

ग्रुप नसेल, आपण एकटेच असू तर

काही ठिकाणी पालक एकमेकांना ओळखतही नाहीत. चार जणी आणि दोनशे रुपये हाताशी असतील तर घरचा फराळ आणि चिठ्ठी द्या. पाचशे असतील तर प्रत्येकीला शंभराच्या आसपासचा एकेक चांगला सुती टॉवेल किंवा १०१ रुपयांचं पाकीट, सोबत चिठ्ठी. हजार असतील तर प्रत्येकी २५१ चं पाकीट देता येतं, वर चार रुपये लागतील. चौघींपैकी एकीशीच तुमच्या मुलाचं जास्त जमत असेल आणि तिला आणखी काही द्यायचं असेल, तर ते दुसऱ्या दिवशी, एकांतात द्या.

घरी येऊन मूल सांभाळणाऱ्या ताई असतील तर हा हिशेब लागू नाही. तिथे आपणच मालक. वर्ष पूर्ण झालेलं असेल तर एका महिन्याचा पगार बोनस म्हणून द्यावा, आणि दिवाळीची सुट्टी पगारी असावी.

फी आणि वेळ

याला एक रुपयाही जास्त लागत नाही, तरी मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दिवाळीच्या महिन्याची फी त्या महिन्याच्या सुरुवातीलाच भरा. छोटं पाळणाघर पालकांच्या फीवरच पगार देतं. पाच घरांची फी लांबली की सहा जणींचा पगार लक्ष्मीपूजनानंतर होतो, आणि मग आपल्या सातशेच्या पाकिटाने काय भरून निघणार? ‘आठ दिवस बंद होतं’ म्हणून फी कापून मागू नका. त्या आठ दिवसांचं भाडं आणि पगार त्यांना चुकत नाही.

धनत्रयोदशीच्या आणि त्याच्या आदल्या दिवशी मुलाला एक तास लवकर न्या. सगळ्या पालकांनी ठरवून केलं तर ताईंना उजेडात बाजार करता येतो. ग्रुपवरच्या वर्गणीच्या संदेशातच फी वेळेवर भरण्याचं आणि मुलाला लवकर नेण्याचं, अशी दोन वाक्यं घाला.

नंतर

भाऊबीज झाली की ग्रुपवर हिशेब टाका: एकूण जमा, एकूण खर्च, शिल्लक. देणाऱ्यांची नावं नकोत, दुकानाच्या पावत्यांचे फोटो हवेत. थोडे पैसे उरले असतील तर परत वाटत बसू नका, संक्रांतीसाठी ठेवा. आपल्या हळदीकुंकवाला ताई-मावशींना अगत्याने बोलवा आणि वाण म्हणून चाळणी, डाव, किसणी असं रोज हाताशी लागणारं काही द्या. नावांची यादी, कोण कुठून कसं येतं, कोणाला काय चालत नाही, हे सगळं एका कागदावर लिहून पुढच्या वर्षी ज्या दोघी हे काम घेतील त्यांच्याकडे सोपवा.